आईचा चहा आणि आठ पायांची चिप

खालापूर

आदरणीय दाजी,

सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तुम्ही स्वतः करता आहात, की पलंगावर बसून ताईला तो कसा करायचा असतो ते समजावून सांगता आहात? ताईचं म्हणणं दुसरं आहे. मी तिच्या बोलण्यात पडत नाही. गुडघा लवकर बरा होवो आणि तुम्ही पुन्हा कॉलनीभर फिरून लोकांच्या मीटरच्या पेट्या तपासू लागा, हीच मनापासून इच्छा.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आकृती काढता येत नाही, आणि आकृती पाहिल्याशिवाय तुम्ही कुठलीच गोष्ट मान्य करत नाही हे दोन्ही घरांना ठाऊक आहे (माझ्या लग्नात तुम्ही मांडववाल्याकडे वायरिंगची आकृती मागितली होती, आणि त्या बिचाऱ्याने ती आमच्या पत्रिकेच्या पाठीवर काढून दिली होती). म्हणून या कागदाच्या मागे आकृती काढली आहे. आठ पायांचा जो चौकोन दिसतो ती टायमरची चिप, पाचशे पंचावन्न नंबरची. तुम्ही रसायनीच्या कंपनीत इन्स्ट्रुमेंटच्या खात्यात जन्म काढलात, तेव्हा तिची ओळख मी करून द्यायला नको. पण मीही शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते, आणि प्रयोगशाळा सहायक म्हणजे नुसत्या परीक्षानळ्या धुणारी बाई नव्हे, हे या पत्राने तुमच्या लक्षात येईल अशी खात्री आहे.

मुद्दा आईचा आहे. बुद्धपौर्णिमेला आपण सगळे कुंभिवलीच्या घरी जमलो, तेव्हा ताईला मोरीत पालथी घातलेली काळी पातेली सापडली. आई चहा गॅसवर ठेवते आणि विसरते, हे मला आधीच माहीत होतं. मी ते तुम्हाला सांगितलं नव्हतं एवढंच. विसरण्याचं कारणही म्हातारपण नाही. कारण ठमी आहे. ठमी वाडीवरून करवंदांची नाहीतर भाजीची पाटी घेऊन हायवेकडे जायला निघते, आईच्या पायरीवर टेकते, आणि दोघी एकदा बोलायला लागल्या की चहाच काय, घर जळालं तरी उठणार नाहीत. तुम्ही मात्र खीर खाता खाता निकाल दिलात, की आता आईंनी एकटं राहायचं नाही, मोहोपाड्याला आमच्याकडे यायचं. मी म्हटलं, मी असं यंत्र करते की चहा आपला आपण बंद होईल. त्यावर तुम्ही हसलात. दाजी, तुम्ही हसलात ते मी मनावर घेतलं. "करून दाखव, रोहिणी येऊन बघेल, चाललं तर आई तिथंच," असं तुम्ही चारचौघांत म्हणालात.

त्याप्रमाणे ताई येऊन गेली. तिने तुम्हाला हकिगत सांगितलीच असेल. पण ताईने सगळं पाहिलेलं नाही, आणि जे पाहिलं त्यातलं तिला कळलेलं नाही, म्हणून खरी हकिगत मी लिहिते.

गॅस सोडून मी आईला कॉइलची इलेक्ट्रिक शेगडी आणून दिली. शेगडीच्या वायरीत रिले, म्हणजे आपला आपण चालू-बंद होणारा खटका, घातला, रिले चिपच्या ताब्यात दिला, आणि चिपला दारावरच्या बेलचं बटण लावलं. एकदा बटण दाबायचं. शेगडी चहापुरती चालणार आणि टक् करून बंद होणार. दुसऱ्यांदा आपणहून सुरू होणार नाही. केतनला मी ते असं समजावलं (तुमच्या साडूला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, टेम्पोच्या इंजिनापलीकडची वीज कळत नाही): कपॅसिटर म्हणजे एक भांडं समज, आणि रेझिस्टर म्हणजे त्यावर सोडलेला बारीक नळ. बटण दाबलं की भांडं भरायला लागतं. दोन तृतीयांश भरलं की चिप शेगडी बंद करते आणि भांडं उपडं करून ठेवते, पुढच्या वेळेसाठी. मोठं भांडं घेतलं किंवा नळ बारीक केला की वेळ वाढतो. केतनने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि हे सगळं माझ्या जेवणाच्या डब्यात का?" कारण डबा प्लॅस्टिकचा आहे, झाकण घट्ट बसतं आणि भोकं पाडायला सोपा. हे त्याला पटलं. निदान तो गप्प बसला.

पहिल्या दिवशी सगळं बरोबर जोडलं होतं. शेगडी सुरू झाली, चहा उकळला, उतू गेला, आटला, आणि पातेल्याच्या बुडाला डांबरासारखा बसला, पण शेगडी काही बंद होईना. शेवटी मी प्लग उपटला. चूक माझी नव्हती. कपॅसिटर शाळेच्या कपाटातला होता, बहुधा माझ्या आधीच्या सहायकाच्याही आधीचा, आणि तो गळका निघाला. गळक्या भांड्यात नळ सोडला तर काय होणार? जेवढं वरून येतं तेवढं खालून जातं, आणि दोन तृतीयांशाची रेघ काही येत नाही. चिप बिचारी वाट बघत बसली. यात तिचा प्रामाणिकपणाच दिसतो. मी पनवेलहून नवा कपॅसिटर आणवला आणि तो विषय संपवला.

त्यानंतर शेगडी बंद व्हायला लागली, अगदी ठरल्या वेळी. बंद व्हायची आणि लगेच पुन्हा सुरू व्हायची. टक्, आणि मागोमाग टक्. आई म्हणाली, "तिला आजून एक कप पायजे आसंल." मी मात्र लगेच ओळखलं (लगेच म्हणजे वही उघडून, थोडं रडून झाल्यावर). रिले सुटताना त्याच्या गुंडाळीतून उलटा झटका येतो, आणि चिपला वाटतं कुणीतरी पुन्हा बटण दाबलं. गुंडाळीवर एक डायोड उलटा बसवला की झटका तिथल्या तिथे जिरतो. तो मी विसरले होते असं ताई म्हणेल. मी विसरले नव्हते. डायोडशिवाय चालतं का ते मी पाहत होते. चालत नाही. ही माहिती आता आपल्या सगळ्यांना झाली.

ठमीचा प्रकार मात्र तुम्हाला कुणी सांगितला नसेल, कारण ताई तेव्हा नव्हती आणि आई तो सांगताना हसून हसून अर्धाच सांगते. बटणाची वायर मी चौकटीवरून पायरीपर्यंत नेली होती, म्हणजे आईला गप्पांमधून उठावं लागू नये. मध्ये एक जोड होता, त्यावर चिकटपट्टी लावली होती आणि उन्हाने ती सुटली होती. ठमी आली, पाटी उतरवली, आणि तिने आधाराला चौकट धरली. आत टक् झालं. शेगडी रिकामीच, पण तिच्यावर आईने चहाची गाळणी ठेवलेली. प्लॅस्टिकची. वास येईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आलं तेव्हा गाळणी शेगडीच्या कॉइलभोवती छान गुंडाळून बसली होती.

"म्या नाय काय केला! म्या निस्ता हात लावला!" ठमी ओरडली.

"मंग लाव बरं परत," आई म्हणाली.

ठमीने एक बोट लावलं. टक्.

त्या दुपारी आजूबाजूच्या सगळ्या बायका येऊन चौकटीला हात लावून गेल्या. काहींच्या हाताने सुरू व्हायचं, काहींच्या नाही, आणि ज्यांच्या हाताने होत नव्हतं त्या नाराज होऊन घरी गेल्या. ठमीचा हात मात्र एकदाही फुकट गेला नाही. तिचा भाव एवढा वाढला की तिची करवंदं हायवेपर्यंत पोचलीच नाहीत, आमच्या पायरीवरच संपली. मी संध्याकाळी येऊन पाहिलं तर आई गंभीरपणे मला सांगते, "ठमीच्या अंगात करंट हाय." करंट नव्हता, दाजी. चिपचा बटणाकडचा पाय मोकळा लोंबत होता. त्याला वर बांधून धरणारा रेझिस्टर लागतो, नाहीतर उघड्या तारेला बोट लागलं तरी चिपला बटण दाबल्यासारखं वाटतं. मी तो रेझिस्टर बसवला, जोड नीट झाकला, आणि ठमीला बोलावून हात लावायला सांगितलं. काही झालं नाही. ठमी माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी तिचं काहीतरी काढून घेतलं होतं. त्या एका गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं.

आणि मग ताई आली. येताना मोठी रिकामी बॅग घेऊन आली (ती तुम्हीच माळ्यावरून काढायला लावलीत, मला कळलं आहे). बॅग तिने दाराशीच उभी करून ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. मी शाळेतून सुट्टी घेतली होती. केतन टेम्पो लावून आला होता. ठमी पायरीवर. आईने नवी साडी नेसली होती, जणू तिला कुणी बघायला येणार आहे.

"आई, बटण दाब आणि बाजूला बस," ताई म्हणाली.

आईने अंगठा ठेवला, दाबला, आणि तसाच दाबून धरला. शेगडी लाल झाली. चहा उकळला. वर आला. मी म्हटलं, "आई, सोड आता." ती म्हणाली, "थांब गं, घेऊ दे त्याला नीट." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोवर चाचणीत बटण दर वेळी मीच दाबलं होतं. रेशनच्या दुकानातल्या मशीनवर आई दर महिन्याला अंगठा लावते, आणि तिथला माणूस दर महिन्याला तिच्यावर ओरडतो, की आजी हलवू नका, धरून ठेवा, नाहीतर परत लावायला लागेल. आईच्या दृष्टीने बटण म्हणजे अंगठ्याचं मशीन. ती हलवणार नव्हती. आणि माझ्या सर्किटचा एवढा एकच दोष राहिला होता: बटण दाबलेलंच राहिलं तर वेळ संपला तरी चिप शेगडी सोडत नाही. भांडं भरून वाहतं, पण मालकाने बटण धरून ठेवलंय म्हटल्यावर ती तरी काय करणार?

चहा उतू गेला. धूर झाला. ताई खोकली. "म्हणजे हे थांबत नाही," ती म्हणाली.

"ते थांबतं," मी म्हटलं, "आई थांबत नाही."

त्यावर केतन हसला आणि ताई नाही हसली. तिने बॅग उघडली, आतल्या खोलीत गेली आणि आईच्या साड्या घड्या करून भरायला लागली. आई अंगठा पुसत बसली होती. काही बोलली नाही. ती काही बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ज्या घरात बाबांनी शेवटचा श्वास घेतला, जिथून आम्ही दोघी शाळेत गेलो, ते घर एका बटणामुळे बंद होणार होतं, आणि ते बटण मी लावलं होतं.

पण मी बसून राहिले नाही, दाजी. हे तुम्ही मान्य करायला हवं. उपाय मला माहीत होता. बटण आणि चिप यांच्यामध्ये एक चिमुकला कपॅसिटर घालायचा, म्हणजे बटण कितीही वेळ दाबून धरलं तरी चिपपर्यंत एकच टिचकी पोचते, पुढचं सगळं अडतं. असा कपॅसिटर माझ्याकडे नव्हता. मी बाहेर गेले आणि केतनच्या टेम्पोतला टेप उचकटला. तो बंदच होता (केतन म्हणतो कधीकधी लागायचा). त्याच्या पोटातून हवा तसा कपॅसिटर निघाला. केतन शेजारी उभा राहून एवढंच म्हणाला, "आधी डबा, मग टेप. माझा नंबर कधी?" मी ओट्यावर सोल्डरिंगची पेन तापवली, जोड एकदाच लावला आणि पक्का लावला. आतून ताईच्या घड्या घालण्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला. ती दारात येऊन बघत उभी राहिली.

"आई, परत दाब," मी म्हटलं. "आणि सोडू नकोस. अजिबात सोडू नकोस."

आईने माझ्याकडे बघितलं आणि अंगठा ठेवला. चहा गरम झाला, कडेला बुडबुडे आले, वर चढायला लागला. चहा काठापर्यंत आला, आणि आईचा अंगठा बटणावर तसाच घट्ट असताना टक् झालं. लाल कॉइल काळी पडत गेली. चहा हळूहळू खाली बसला.

"मेला काय?" ठमीने विचारलं.

"नाय गं," आई म्हणाली, "निजला."

गाळणी नव्हती म्हणून चहा आईच्या धुतलेल्या रुमालातून गाळला. ताई पूर्ण कप प्यायली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती एवढंच म्हणाली, "साखर कमी आहे." मग आत जाऊन तिने साड्या पुन्हा कपाटात ठेवल्या. जाताना तिने मला जवळ घेतलं, पण याबद्दल ती तुम्हाला काही बोलली नसेल, म्हणून मुद्दाम लिहिते.

तेव्हा दाजी, निकाल स्पष्ट आहे. चारचौघांत ठरलं होतं तसं झालं आहे. सर्किट थांबतं, आईचा अंगठा मध्ये आला तरी थांबतं, ठमीने हात लावला तरी सुरू होत नाही, आणि आकृती मागे आहे, ती तुम्ही तपासावी. तुम्हाला त्यात चूक सापडणार नाही. आई कुंभिवलीतच राहणार. यावर आता कुणीही, अगदी गुडघा बरा झाल्यावर तुम्हीसुद्धा, फेरविचार मागू नये, ही नम्र विनंती.

ताईला सांगा, तिने रागाच्या भरात इथे विसरलेला चष्मा माझ्याकडे सुरक्षित आहे. तुम्ही तब्येतीला जपा.

तुमची मेहुणी,
रूपा

ता.क. पत्र बंद करण्याआधी कुंभिवलीला जाऊन आईला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकलं, ठमीच्या जागी हसली, धुराच्या जागी मान हलवली. मग म्हणाली, "समदं बराबर लिवलंस. पन तुमी दोगांनी मला इचारलं कवा?" तेव्हा मी विचारलं, की तुला कुठे राहायचं आहे? ती म्हणाली, "रोहिणी सांगत हुती, कॉलनीतल्या बायका दुपारी बसून बदाम-सात खेळतात. मी जाते तिकडं. पाऊस सरला की येईन." मी म्हटलं, अगं मग ताई साड्या भरत होती तेव्हा का नाही बोललीस? तर म्हणाली, "तू यवडी मन लावून जोडत हुतीस गं. मंग कशी बोलू?"

ता.क. २. चिपचा डबाही शेगडीसकट सोबत येतो आहे. तुमच्याकडे गॅस आहे, ताई आहे, डब्याची काही गरज नाही, हे मी सांगून पाहिलं. पण तिला तो चहासाठी नको आहे, पत्ते खेळणाऱ्या बायकांना दाखवायला पाहिजे. शेगडी मागच्या खिडकीजवळच्या प्लगवर लावा. आणि दाजी, हे सगळं पत्र मी खरं तर याच एका विनंतीसाठी लिहिलं असं समजा: डबा उघडू नका. सुधारणा करू नका. तुम्ही केल्यात तर तो आणखी चांगला चालेल हे मला माहीत आहे, पण ती सगळ्यांना सांगणार आहे की तो तिच्या पोरीने केलाय.

ता.क. ३. पोस्टाची वाट बघायला ती तयार नाही. बोचकं घेऊन केतनच्या टेम्पोत पुढे जाऊन बसली आहे, आणि हे पत्र तिच्याच हातात देते आहे. म्हणजे आत्ता ती तुमच्या दारात उभी आहे. पत्र नंतर वाचा. आधी तिला आत घ्या.